कुत्री म्हणजे बाई नव्हे

डॉ. निर्मला चुरी यांची आणि माझी पहिली भेट तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत, कुत्र्यांच्या पिंजऱ्यांसमोर झाली. त्या पशुवैद्यक, मी नुकतीच रुजू झालेली सहायक. गर्भनिरोधक हार्मोनच्या एका इंजेक्शनची चाचणी तिथल्या माद्यांवर चालली होती. दर सोमवारी प्रत्येक मादीला कुशीवर निजवून तिचे एकेक स्तन बोटांनी चाचपायचे, हे आमचे काम. बाईंनी माझा हात धरून एका जागी टेकवला. "बोटं खुपसू नका. पेरं सपाट ठेवा, सावकाश फिरवा. लागलं?" लागले. वाटाण्याएवढी गाठ होती.

बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या मायाळूपणावर लिहावे, असे मला सुचवण्यात आले आहे. बाई मायाळू आहेतच. पण त्यांचा संताप गाळून गौरव करणे मला जमणार नाही.

पुढे आणखी माद्यांना गाठी आल्या. वरचे साहेब म्हणाले, "कुत्री म्हणजे बाई नव्हे. अहवालात हे कशाला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मान्य. पण गाठी आल्या नसत्या, तर 'प्राण्यांवर निर्धोक ठरलं' असं तुम्ही छापलं असतंत ना?" गुण दिसला की कुत्री बाईची सख्खी बहीण, दोष दिसला की निव्वळ जनावर! या दुटप्पीपणाची मला आजही चीड येते. त्या मुक्या जिवांनी दुखणे सोसले, आणि ते कागदावर येण्याचीही यांना अडचण.

पिंजरे धुवायला कुंभवलीच्या सुगंधाताई येत. एकदा हातातला झाडू भिंतीला टेकवून त्या म्हणाल्या, "बाई, असलाच इंजेक्शान मना शिबिरात देतात. मना पन गाठी येतील काय?"

बाई त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवर बसल्या. "येतीलच असं नाही. कुत्रीचं शरीर वेगळं असतं. पण धोका थोडा वाढू शकतो. किती, ते मला माहीत नाही. घ्यायचं की थांबवायचं, ते तू ठरव."

"शिबिरात कोनी बोलला नाय," सुगंधाताई म्हणाल्या.

बाई तडक वर गेल्या. गाठींचा उल्लेख असल्याशिवाय अहवालावर सही करणार नाही, असे सांगून आल्या. सही झाली नाही आणि नोकरीही राहिली नाही. बाईंनी पालघरला गुराढोरांचा दवाखाना काढला. रविवारी मात्र त्या सालवड-कुंभवलीच्या बायकांना जमवून स्वतःची छाती कशी तपासायची ते शिकवू लागल्या. शिकवण तीच, पेरं सपाट ठेवा, सावकाश फिरवा.

कोणी म्हणेल, बाई गर्भनिरोधक साधनांच्या विरोधात आहेत. साफ चूक. मनोरच्या एका सभेत "इंजेक्शन म्हणजे कर्करोग" असे बोला म्हणून कार्यकर्ते मागे लागले, तेव्हा बाई त्यांच्यावरही तितक्याच कडाडल्या. "जिला आणखी मूल नकोय, तिच्या हातातलं साधन मी भीती घालून काढून घेऊ? धोका थोडा असतो, सोडल्यावर हळूहळू ओसरतो, असं आज दिसतंय. तेवढंच सांगेन."

पुढे काही वर्षांनी स्वतःची छाती तपासताना सुगंधाताईंच्या हाताला गाठ लागली. वेळेवर शस्त्रक्रिया झाली, आज त्या ठणठणीत आहेत. गाठ इंजेक्शनमुळे आली का? बाई म्हणतात, सांगता येत नाही. सुगंधाताईंना विचारले तर त्या म्हणतात, "बाईनं मना खरा सांगतला, म्हनून मी हात लावून बगला."

गेल्याच महिन्यात सुगंधाताईंच्या सुनेला शिबिरात इंजेक्शन दिले. आधी काही समजावले का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "नाय. बाही वर करा, बोलले."

एवढ्या वर्षांनंतरही, बाही वर करा! म्हणून बाईंना दीर्घायुष्य चिंतताना मी रीत पाळत नाही, गरज सांगते आहे. बाई, प्रकृतीला जपा, शतायुषी व्हा. त्या सुनेला मी तुमच्या येत्या रविवारच्या वर्गाला घेऊन येते आहे.