वळचणीचा कप

आईनं मला मारलं ते त्यांनी बघावं म्हणून.

गडमुडशिंगीत आम्ही गावाच्या कडेला राहायचो. आई वैनींच्या गोठ्यात शेणघाण काढायला जायची. वैनी म्हणजे गोठ्याची मालकीण. काम उरकलं की आईला चहा मिळायचा. तिचा कप गोठ्याच्या वळचणीला, वाशाच्या आणि भिंतीच्या बेचक्यात खोचलेला असायचा. पांढरा, निळ्या फुलाचा, कान मोडलेला. आई तो काढायची, विसळायची, खाली धरायची. वैनी वरून चहा सोडायच्या. किटली कपाला लागायची नाही. इतक्या वर्षांत एकदाही लागली नाही, एवढा त्यांचा हात बसला होता.

मी नुकतीच शाळेत जाऊ लागले होते. त्या दिवशी आई शेणी थापत होती, म्हणून कप मीच विसळला. पडवीच्या फळीवर वैनींचे कप पालथे मांडले होते, ओळीनं. ओळीच्या शेवटी जागा होती. मी आईचा कप तिथं पालथा घातला. ओळ सरळ यावी म्हणून जरा सरकवलासुद्धा.

वैनी बाहेर आल्या आणि किंचाळल्या.

"आगं ए! तुझ्या कार्टीनं समदं बाटवलं की!"

आई शेणाच्या हातानं धावत आली. हात जोडले. "चुकलं पोरीचं, वैनी. चुकलं." आणि मग मारलं. एकदा माझ्याकडं बघून, एकदा वैनींकडं बघून. पुरे झालं का, असं विचारल्यासारखं. माझ्या गालाला शेण लागलं. वैनींनी काठीनं आईचा कप फळीवरून खाली ढकलला. तो फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं. आईनं उचलला, पदरानं पुसला आणि होता तिथं खोचला. घरी जाताना तिनं माझा गाल पुसला.

दुसऱ्या दिवशी त्याच कपात चहा.

पुढं मी शिकले. चित्रकला शिकले. ते कसं जमलं ते इथं सांगत बसत नाही. आम्ही शहरात भाड्याच्या खोलीत आलो आणि मी शाहूपुरीतल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बसू लागले. लग्नपत्रिका करायच्या. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक करायचे, त्यांचे गाल उजळ करून द्यायचे. गाल उजळ करण्यात माझा हात इतका बसला की लोक माझंच नाव विचारत यायचे. हसू यायचं. रडूही यायचं.

मग घरी जुना कॉम्प्युटर आला, पेनानं चित्र काढायची पाटी आली, आणि एका प्रकाशिका बाईंनी मला मुलांचं पुस्तक दिलं. हरवलेलं वासरू गावभर आपलं घर शोधत फिरतं, अशी गोष्ट. मोठी मोठी चित्रं, पानावर चार ओळी. बाई शहरातल्या नावाजलेल्या घरातल्या. बोलणं मऊ. मला 'अहो' म्हणायच्या. मला अहो म्हणणारी ती पहिलीच मोठ्या घरातली बाई. मी हुरळले. खोटं कशाला बोलू?

माझं काम असं चालायचं. आधी कागदावर पेन्सिलीनं चित्र. ते स्कॅन करायचं. मग कॉम्प्युटरवर त्याच्याखाली रंग भरायचे, लेयर लेयरनं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. एका काचेवर आभाळ, एकीवर भिंत, एकीवर माणसं, एकीवर उन्हाची तिरीप. यादीत प्रत्येक काचेपुढं एक बारीक डोळा असतो. त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि त्या काचेवरचं सगळं नाहीसं होतं. पुन्हा मारली की परत. बदल सोपे पडावेत म्हणून सगळे असंच करतात. मीही तसंच करायचे. नीटनेटकं. प्रत्येक लेयरला नाव.

वासरू एका मोठ्या घराच्या गोठ्यापाशी येतं, ते पान मला फार आवडलं होतं. भिंतीवर शेणी, दावणीला म्हैस, दारात कोंबड्या. मी दुकानात त्याचा प्रिंट काढला आणि आईला दाखवला. आईला वाचता येत नव्हतं, पण चित्र ती फार बारकाईनं बघायची. बघता बघता तिचं बोट थांबलं.

"ह्यो माझा कप न्हवं?"

मी बघितलं. वळचणीला कप होता. मीच रंगवला होता आणि मला ठाऊक नव्हतं. कुणाला दाखवून द्यायचं म्हणून नव्हे. मोठ्या घराचा गोठा म्हटला की वळचणीला कप असतोच, माझ्या हाताला एवढंच माहीत. शिंगाशिवाय म्हैस काढावी का?

"पर कान कशाला दिलास त्येला?" आई म्हणाली. "कान मोडल्याला हुता. आन् फूल हिकडं हुतं."

मग आम्ही दोघी बसलो. आई स्टुलावर, मी मशीनसमोर. कपाला मी वेगळा लेयर दिला, 'कप' असं नाव दिलं. तिनं सांगितलं तसा कान मोडला, फूल सरकवलं. "आजून फिक्कं. धुऊन धुऊन गेल्यालं निळं." मी रंग फिका करत गेले. लाईट गेली की अंधारात ती कपाचं सांगायची आणि मी ऐकायचे. त्या फळीचं, त्या माराचं आम्ही इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो. तेव्हाही नाही बोललो. फक्त निळं किती फिकं, तेवढंच बोललो. मला पुरलं ते.

शेवटी आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. लोकास्नी दिसू दे."

आईनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

चित्रं घेऊन मी बाईंच्या ऑफिसात गेले. त्या पानावर बाई हसल्या. "हा कप वर कुठे ठेवलाय? गंमत आहे हं." मी गंमत सांगितली. कुणाचा कप, तिथं का, चहा कसा सोडायचे, सगळं. ऑफिसातली दोन माणसं टाइप करायची थांबली. बाईंचा चेहरा पडला. मग सावरला.

"अहो, हे आता कुठे राहिलंय? आणि मुलांचं पुस्तक आहे. मुलांची मनं कोवळी असतात."

"माझंबी मन कोवळंच हुतं," मी म्हणाले. घरची बोली तोंडात कशी आली कळलं नाही.

तेवढ्यात चहा आला. बाईंनी स्वतः ट्रे माझ्यापुढं धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, तुम्हाला इथे वेगळा कप आहे का? एकाच ट्रेमधला चहा पितो ना आपण?"

त्या ऑफिसात मी कितीतरी वेळा चहा प्यायले होते. तो चहा होता. त्या दिवशी त्याचा उपकार झाला. सगळे मी कप उचलण्याची वाट बघत होते. मी नाही उचलला. वैनींचं बोलणं गालावर लागलं होतं. हे कुठं लागलं ते सांगता येत नाही, पण जास्त लागलं.

"कप ऱ्हाणार," मी म्हणाले.

"बरं, बघू," बाई म्हणाल्या. मी ते 'बरं'च ऐकलं. सीडी देऊन आले. सगळे लेयर सुटे, नावासकट.

पुस्तकाचा कार्यक्रम एका सभागृहात होता. आईनं लग्नाकार्याचं लुगडं नेसलं. वडापच्या, माणसं कोंबलेल्या जीपमध्ये ते चुरगळू नये म्हणून कडेला अंग चोरून बसली. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं, हातात पुस्तक दिलं. ताज्या शाईचा वास. आईनं ओळी सोडून दिल्या आणि पानं उलटत गोठ्यापाशी आली. बोट थेट वळचणीला.

तिथं भिंत होती. स्वच्छ.

आईनं पान पदरानं पुसलं. डोळ्यांजवळ नेलं. पुढचं पान बघितलं, तिकडं गेला असेल म्हणून. परत आली.

"कप कुठाय गं?"

मला कळलं होतं. डोळा मिटला होता. एक टिचकी. आणि जिथं कप होता तिथं साधा डागही नव्हता, कारण कपाखालची भिंत मी पूर्ण रंगवली होती, पोपडे आणि सावलीसकट. चांगलं काम असंच करतात. माझ्याच चांगल्या कामानं माझ्या आईचा कप पुसून टाकला होता.

"काढला व्हय त्येनी?" आई म्हणाली. "आसू दे. बरं झालं. उगंच तुला कुणी बोलाय नगो." आणि पुस्तक मिटून मांडीवर उलटं ठेवलं. तिचा तो चेहरा मला कुठल्याच रंगात काढता आलेला नाही. मी तुटले ती तिथं.

सत्काराला नाव पुकारलं. मी वर गेले. बाई शाल उलगडून उभ्या होत्या. मी शाल घेतली नाही. माईक घेतला.

"गोठ्याच्या पानावरचा माझ्या आईचा कप कुठं हाय?"

बाई माझ्या कानाशी आल्या, हसऱ्या चेहऱ्यानं, हळू आवाजात.

"अहो, डिलीट नाही केलाय. फक्त बंद केलाय. फाईलमध्ये आहे तो."

मी ते वाक्य माईकवर मोठ्यानं सांगितलं, जसंच्या तसं. "बाई म्हणत्यात, डिलीट नाही केलाय, फक्त बंद केलाय."

मागं कुणीतरी हसलं. आणि पुढच्या रांगेत आई उठून उभी राहिली. हात जोडलेले. स्टेजकडं तोंड करून.

"चुकलं पोरीचं, बाई. चुकलं."

तेच शब्द. तोच आवाज. मधली सगळी वर्षं, माझं शिक्षण, ते 'अहो', सगळं त्या दोन जोडलेल्या हातांपुढं पालापाचोळा झालं. ती आता मला मारायला वर येईल असं मला खरंच वाटलं. गाल गरम झाला.

मी खाली उतरले. तिचे हात धरले. ते सुटेनात, इतके घट्ट जोडलेले.

"आई, हात खाली घे," मी म्हणाले. "कुणाचं काय चुकलं न्हाय."

तिनं घेतले नाहीत. दारापर्यंत तसेच होते. जिन्यावर कठडा धरायचा होता, तेव्हा सुटले.

त्या बाईंचं काम मी पुन्हा केलं नाही. त्यांचे दोन निरोप आले, मी उत्तर दिलं नाही. ते पुस्तक आईनं परत उघडलं नाही. दुसऱ्या एका पुस्तकाचं माझं काम चालू होतं, तेव्हा ती गेली. त्यातला कप तिला दाखवायचा राहून गेला. ते दुःख आहे, आणि ते मी कुणाला उजळ करून देणार नाही.

पण माझ्या कामाची रीत मी बदलली. लोक हसतात, बदल करायला त्रास होतो म्हणतात. होऊ दे. मी आता सुटे लेयर कुणाला देत नाही. सगळं एकाच काचेवर. आणि आधी भिंत रंगवत नाही. आधी कप रंगवते, कान मोडलेला, निळं फूल धुऊन धुऊन गेलेलं. मग भिंत त्याच्या कडेकडेनं आणते. कपाखाली काहीच नसतं.

ज्याला तो नको असेल, त्याला माझ्या चित्राला भोक पाडावं लागेल. आणि ते भोक वाचणाऱ्या प्रत्येक पोराला दिसेल.