लिंबाने न गेलेला वास

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या गोदीत मासे साफ करायच्या कामावर लागल्यावर बेव्हने पहिली खरेदी केली ती लिंबांची. सुट्टी झाली की हात, मनगटं, केसांची टोकंसुद्धा ती लिंबाने घासून काढायची. वास गल्लीत पोचता कामा नये.

नवरा सोडून गेल्यापासून तिच्या घराचं भाडं नगरपालिका भरत होती. कामाला लागलं की त्याच दिवशी ते बंद होतं, असं गल्लीतल्या बायका छातीठोक सांगत. त्यात कारखान्याची रीत अशी, की पहिल्या आठवड्याचा पगार मालक राखून ठेवणार. तो मिळणार काम सोडताना. म्हणजे भाडं बंद आणि हातही रिकामे. बेव्ह आणि तिची लेक केरी, दोघी रस्त्यावर. म्हणून बेव्ह गप्प राहिली. जितके दिवस गेले, तितकं तोंड उघडणं अवघड झालं.

शेजारच्या टेबलावर आयडा होती. केस पिकले, पण सुरीचा हात तसाच.

"काट्याला मांस राहिलंय. मासा काय फुकट आलाय?" ती म्हणायची. एकदा तिने पिशवीतली लिंबं पाहिली. "काय गं, पॅनकेकवर लिंबू पिळून खायचा सण तुमच्याकडे रोजच असतो वाटतं?"

बेव्हने खरं काय ते सांगून टाकलं. आयडाने सुरी खाली ठेवली. ती एरवी ठेवत नसे.

"खुळे! एकट्या आईला कामाला लागल्यावरही चार आठवडे भाडं देतात. माझ्या पुतणीला दिलं. पण त्या चार आठवड्यांत जाऊन सांगावं लागतं, नाहीतर सगळं परत मागतात. तू कधी लागलीस?"

"उद्या चार आठवडे होतील."

"आणि इतकी मेहनत केलीस ती कशावर, तर लिंबावर! जेवणाच्या सुट्टीत जा. तुझी माशांची पेटी मी उरकते. तुझ्यापेक्षा बरीच होईल."

बेव्ह बूट न बदलता, ॲप्रनसकट धावली. नगरपालिकेच्या कचेरीत लांब रांग होती. ती शेवटी उभी राहिली, तसे पुढचे लोक एकेक करून बाजूला सरकले. काही क्षणांत ती खिडकीशी.

आतल्या माणसाने नाक वर केलं. "हॅडॉक मासा?"

बेव्ह म्हणाली, "हो. मी कामाला लागलेय. तेच सांगायला आलेय."

"बरं केलंत. माझी आई माशांना धुरी द्यायच्या खोलीत कामाला होती. घरच्या पडद्यांनाही हाच वास." त्याने तारीख पाहिली. "वेळेत आलात. गेल्या चार आठवड्यांचं भाडं आमच्याकडे. पुढे पगाराच्या चिठ्ठ्या आणा. पगार कमी असेल तर थोडं भाडं आम्ही भरत राहू."

संध्याकाळी ती हात न घासताच गल्लीत शिरली.

"कुणाकडून येतोय गं हा वास?" शेजारीण दारातून ओरडली.

"माझ्याकडून!" बेव्ह म्हणाली. "कामावरून येतेय."

उरलेली लिंबं केरीने पॅनकेकवर पिळली. सण नव्हता.