ड्रॉवरमधली भाकितं

आमच्या वाचनालयात सकाळी पेपर येतो आणि त्याच्या पाठोपाठ भांडण येतं. परवा एक उमेदवार प्रचारसभेत नको ते बोलून बसला. टीव्हीवरचा एक विश्लेषक म्हणतो, हा आता पडला. दुसरा म्हणतो, लोक चार दिवसांत विसरतील. निवृत्त मास्तर असलेल्या अण्णांना पहिला पटला, म्हणून एसटीतून निवृत्त झालेल्या बापूंना दुसरा पटला.

असा वाद पेटला की दोघं आपापलं भाकीत चिठ्ठीवर लिहून ग्रंथपाल बाईंकडे ठेवायला देतात. निकालानंतर चिठ्ठ्या उघडायच्या, असं ठरलेलं.

आज बापूंना उशीर झाला होता. मी बाईंना हळूच विचारलं, "मागच्या वेळी कोण बरोबर निघालं?"

त्यांनी ड्रॉवर ओढला. सगळ्या चिठ्ठ्या घडी न मोडलेल्या. "मागायला कुणी येतच नाही हो. तोवर भांडायला नवीन काहीतरी मिळालेलं असतं."

मला उगाच बरं वाटलं. टीव्हीवर एकमेकांवर खेकसणाऱ्या त्या विद्वानांचाही राग येईना. उद्याचं कुणाला कळलंय? पण त्यावर वाद घालायला रोज ठरल्या वेळी कुणीतरी समोर येऊन बसतं, हे काय थोडं आहे?

अण्णा कोरी चिठ्ठी पुढ्यात घेऊन बसले होते.

"लिहून टाका की," मी म्हणालो.

"त्याला येऊ दे. एकट्याने काय लिहायचं?"

दाराशी चपला काढल्याचा आवाज आला. अण्णांनी वर न बघताच पेनाचं टोपण काढलं.