चौरागडावर चढलेली सायकल

शोभाताईंनी देवाजीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांना वाटलं, हा माणूस सायकलवर बसून रस्ता झाडतो आहे.

हिवाळ्यातली सकाळ होती. चौथीच्या मुलींना झाडांची पानं गोळा करायला त्यांनी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आणलं होतं. टेकडीच्या माथ्यावरून मुरमाची एक वाट वळणं घेत उतरते. त्या वाटेनं लाल धुळीचा लोट खाली येताना दिसला. लोटाच्या पुढे सायकल, सायकलवर डोक्याला रुमाल बांधलेला, पंचविशीतला एक माणूस, आणि मागे कॅरियरला दोरीनं बांधलेली पळसाची भलीमोठी फांदी. माणूस मोठ्यानं महादेवाचं गाणं म्हणत होता. मुली भराभर बाजूला झाल्या. तो वळणावर अलगद वळला, दगड चुकवला आणि शोभाताईंच्या पुढ्यात येऊन थांबला.

"लाकूडतोड करता का हो इथे?" शोभाताईंनी मास्तरकीच्या आवाजात विचारलं.

"नाई बाई, हा माहा बिरेक हाय," तो म्हणाला. "या उतारावर बिरेकचे रबर जळून जातात. फांदी घासत आली का सायकल मापात राह्यते. उतारावर बैलगाडीले ओंडका बांधतात, तसंच."

मग तो खाली उतरला आणि शोभाताईंना त्याचा उजवा पाय दिसला. लहानपणीच्या तापात गेलेला, काठीसारखा बारीक. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यानं तो पाय त्यानं पायडलला बांधला होता. पट्टा सोडून त्यानं एक हात सीटवर रोवला, दुसरा हॅन्डलवर, आणि सायकलवर भार टाकून पुन्हा टेकडी चढायला लागला.

"आता वर कशाला?" एका मुलीनं विचारलं.

"खाली याले," तो म्हणाला, आणि सगळ्या मुली हसल्या.

तो रुखमाबाईचा मुलगा, हे शोभाताईंना दुसऱ्या दिवशी कळलं. रुखमाबाई शाळेच्या फाटकाशी बोरं आणि चिंचा घेऊन बसायची. शोभाताई तिला रोज पाहत होत्या. देवाजी हिंगण्याला डब्यांच्या कारखान्यात झाकणं बसवायचा आणि सायकलनं जायचा-यायचा. पण सुट्टीच्या दिवशी तो टेकडीवर काय करतो, ते रुखमाबाईनं सांगितलं, तेव्हा बोरं मोजता मोजता तिचा हात थांबला.

पोरगा दोन वर्षांचा असताना धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की, हा पाय काही परत यायचा नाही. त्या दिवशी रुखमाबाई पचमढीच्या चौरागडावरच्या महादेवाला नवस बोलली. पोरानं आपल्या पायानं वाट धरली, तर तो आपल्याच पायानं गड चढून तुला त्रिशूळ वाहील. पोरगा चालला. लंगडत, भिंत धरत, पण चालला. मात्र नागपूरहून सातपुड्यातली ती वाट आणि वरचा गड या पायाच्या आवाक्यातला नव्हता. नवस तसाच राहिला. नवस फेडल्याशिवाय देवाला तोंड दाखवायचं नाही, म्हणून रुखमाबाई स्वतःही कधी यात्रेला गेली नाही.

"आता माह्यं वय झालं, बाई," ती म्हणाली. "देवाजी म्हंते, सायकलनं जातो. म्हणून टेकडीवर शिकून राह्यला. पण मारोतराव नाई म्हंतात."

मारोतराव गोकुळपेठेत भाजी विकायचे, आणि वस्तीतून महादेवाला जाणाऱ्या जथ्याचे ते भुमका होते. यात्रेत गाणी सांगायची, वाट दाखवायची आणि कोणाचा नवस फिटला ते बोलायचं, हे भुमक्याचं काम. त्यांनी फिटला म्हटलं की फिटला.

शोभाताई वांगी घ्यायला गेल्या, तेव्हा दुकानासमोर हाच वाद चालू होता.

"नवसात पाय म्हटले, चाकं नाई म्हटले," मारोतराव वजन टाकत म्हणाले. "उद्या कोनी हवाई जहाजानं येईन अन् म्हणन, मी पायीच आलो."

"जहाजाले पायडल राह्यते काय, काका?" देवाजीनं विचारलं.

"जास्त बोलू नको गा. अन् दुसरं सांगतो. आपल्या जथ्यात त्रिशूळ वाटेत जमिनीले टेकत नाई. खांद्यावर घ्याचा अन् देवापुढंच ठेवाचा. तू काठीवर भार टाकून चालशीन त त्रिशूळ कोन्या खांद्यावर ठेवशीन?"

 घरी जाऊन देवाजीनं त्रिशूळ सायकलच्या कॅरियरला उभा बांधून पाहिला. तीन टोकं त्याच्या डोक्याच्या वर आली. जमीन कुठेच लागत नव्हती.

महाशिवरात्रीच्या आठवडाभर आधी तो निघाला. जथा मागून यात्रेच्या बसनं गेला. रुखमाबाईनं शोभाताईंनाही ओढून नेलं. "तुम्ही बसमंदी माह्याजवळ बसा, मले भेव वाटते," ती म्हणाली. शोभाताईंनी जन्मात डोंगर पाहिला नव्हता. त्यांनी शाळेत रजा टाकली.

सौंसर, छिंदवाडा मागे पडलं. तामियाच्या घाटात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस फुलला होता. रुखमाबाई खिडकीतून प्रत्येक वळण न्याहाळत होती. घाटातल्या एका चहाच्या टपरीवर मारोतरावांनी चौकशी केली.

"एक लंगडा पोट्टा गेला का इकडून? सायकलवर, मांगं फांदी?"

"फांदीवाला?" टपरीवाला हसून म्हणाला. "कल निकल गया. उतार पे गाना गा रहा था."

मारोतराव बसमध्ये येऊन बसले. "गाऊन राह्यला म्हणे," ते म्हणाले. चढाबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं, पण रुखमाबाईला तेवढंच पुरलं.

गडाच्या पायथ्याशी देवाजी आधीच येऊन बसला होता. चेहरा उन्हानं रापला होता, हाताला फोड आले होते आणि तो दुसऱ्या जथ्यातल्या लोकांबरोबर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे खात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढाई सुरू झाली. पुढे जंगलातली पायवाट, मग दगडाच्या ओबडधोबड पायऱ्या. लोक खांद्यावर त्रिशूळ घेऊन जयजयकार करत निघाले होते. देवाजी सायकलवर भार टाकून चढत होता. पायरी आली की आधी पुढचं चाक उचलायचं, ते वर टेकलं की स्वतः वर जायचं, मग मागचं चाक ओढून घ्यायचं. शोभाताई आणि रुखमाबाई त्याच्या मागे होत्या. जथ्यातल्या केशव नावाच्या पैलवानानं सायकल उचलायला हात पुढे केला.

"राहू दे गा," देवाजी म्हणाला. "तू उचलशीन त मी कशाले टेकू?"

मारोतराव पुढे चालले होते, पण ते दर वळणावर काही ना काही निमित्तानं थांबायचे. कधी पंच्याची गाठ सोडायचे, कधी बिडी शोधायचे. देवाजी दिसला की पुन्हा निघायचे.

उन्हं वर आली तेव्हा सायकल माथ्यावर पोचली. देवळाभोवती त्रिशूळांचं रानच उगवलेलं. देवाजीनं सायकल देवळाबाहेर टेकवली, दोर सोडला आणि आपला त्रिशूळ आईच्या हाताला हात लावून देवापुढे ठेवला. रुखमाबाई किती तरी वेळ वाकलेलीच राहिली.

ती उठून बाहेर आली, तर सायकल जागेवर नव्हती.

वाटेभर डोक्यावर त्रिशूळ मिरवत आलेली ती सायकल पाहून लोकांना वाटलं होतं, कोणाचा तरी सायकलचाच नवस होता. कोणी हॅन्डलला शेंदूर लावला, कोणी सीटवर बेल ठेवला, एका बाईनं घंटीला हळदकुंकू वाहिलं. मग त्रिशूळ रचून ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या सेवेकऱ्यानं ती रीतसर उचलून त्रिशूळांच्या ओळीत उभी केली.

देवाजी भिंत धरत तिच्याकडे गेला. म्हाताऱ्यानं हात आडवा केला.

"देवाले वाह्यलेलं परत नेत नाईत, बाबू."

"मी वाह्यली नाई, बाबाजी. माही हाय."

"शेंदूर लागला, बेल पडला. आता देवाची झाली."

जथा गोळा झाला.  देवाचं परत घ्यायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. देवाजी एका पायावर उभा होता. खालची वाट त्यानं एकदा पाहिली आणि मग आईकडे पाहिलं. 

तेव्हा मारोतराव पुढे झाले. त्यांनी रुमाल झटकून पुन्हा डोक्याला बांधला, दुकानात वजनावरून गिऱ्हाईक भांडलं की बांधायचे तसा.

"बाबाजी," ते म्हणाले, "इथं लोकं त्रिशूळ वाह्यतात, नारळ वाह्यतात. पाय कोनी वाह्यले काय?"

"पाय? पाय कोन वाह्यन?"

"मंग हे या पोट्ट्याचे पाय हायेत. नागपुरापासून याच पायानं आला अन् याच पायानं चढला. मी सोता पाह्यलं. तुमी ठेवून घ्याल त हा खाली जाईन कसा?"

म्हाताऱ्यानं देवाजीचा पाय पाहिला, सायकल पाहिली. मग स्वतःच ती ओळीतून बाहेर काढली आणि तिच्या पुढच्या चाकाला हात लावून नमस्कार केला.

सगळे हसायला लागले. फक्त रुखमाबाई हसली नाही. ती मारोतरावांसमोर येऊन उभी राहिली.

"काय म्हटलं तुमी? पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"कोनाचे पाय म्हटले?"

मारोतरावांना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळा जथा ऐकत होता.

"याचेच पाय," ते म्हणाले. "फिटला वं तुहा नवस. फिटला. आता तरी मले वांग्याच्या भावावरून बोलू नको."

उतरताना पायऱ्या संपेपर्यंत देवाजी सायकल धरून चालला. खालच्या पायवाटेवर त्यानं वाळलेली एक फांदी शोधली, कॅरियरला बांधली, पाय पायडलला आवळला आणि निघाला. शोभाताई आणि रुखमाबाई वर एका कातळावर बसून पाहत होत्या. झाडांमधून धुळीची एक रेघ वळणं घेत खाली जात होती. गाणं ऐकू येत होतं आणि त्याला खालून कोणीतरी साथ देत होतं. तो आवाज मारोतरावांचा होता. ते धावत होते की काय, ते झाडीमुळे दिसलं नाही.

रुखमाबाईनं ओटीतून बोरं काढून शोभाताईंच्या हातावर ठेवली. "खा," ती म्हणाली. "गोड हायेत."

या गोष्टीला खूप वर्षं झाली; देवाजी आता कारखान्यातून निवृत्त झाला आहे. तो मुलीकडे, शामलाकडे राहतो, आणि रोज सकाळी सायकलनं दूध आणायला जातो.