रक्तदात्यांची न उघडणारी यादी

दाजींचा फोन आला तेव्हा मी बोरीच्या शाळेत पहिला तास घेत होतो. मी तिथं कंप्युटर शिकवतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. अक्काला परवाच परभणीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. महिनाभर अंगावरून जात होतं आणि ती कुणाला बोललीच नव्हती. वावरात भोवळ येऊन पडली तेव्हा घरच्यांना कळलं. गर्भपिशवी काढावी लागणार होती, पण आधी रक्त हवं होतं. तिचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एकच पिशवी होती, ती लावून झाली होती. संध्याकाळपर्यंत दोन माणसं आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी सख्खा भाऊ, पण माझा गट बी पॉझिटिव्ह.

"तुझ्यापाशी ती यादी हाय ना?" दाजींनी विचारलं.

यादी होती. जयंतीच्या रक्तदान शिबिरांत मी दरवर्षी टेबल टाकून बसायचो, गावोगावच्या माणसांचे गट आणि फोन नंबर लिहून घ्यायचो. पुढं ते सगळं एका डेटाबेसात भरलं आणि कागद रद्दीत घातले. त्यात लोकांचे आजारही होते, म्हणून फाईल परवलीच्या शब्दाशिवाय उघडू नये अशी सोय केली. त्यासाठी डेटाबेसची लायब्ररी, म्हणजे ती फाईल वाचणारा प्रोग्राम, मी सोर्स कोडवरून स्वतः बांधून घेतली होती. बांधण्याआधी सेटिंगं ठरवावी लागतात, कुठली सोय ठेवायची, कुठला आकडा किती. ती सेटिंगं मी कुठंही लिहून ठेवली नाहीत. पावसाळ्यात तो कंप्युटर जळाला. यादीची फाईल तेवढी पेनड्राइव्हवर वाचली होती.

मुख्याध्यापकांना सांगून मी लॅब रिकामी करून घेतली. नव्या कंप्युटरवर फाईल उघडायला गेलो तर उत्तर आलं, ही फाईल डेटाबेस नाही. ते अपेक्षितच होतं. साध्या लायब्ररीला कुलूपबंद फाईल कळत नाही. मोबाईलच्या नेटवर सोर्स कोड उतरवला, कुलपाची सोय चालू करून बांधायला लावला. कंप्युटर मध्येच थांबला, सोबत लागणारं दुसरं एक सॉफ्टवेअर मिळत नाही म्हणाला. ते उतरवेपर्यंत वीज गेली. ती यायला पाऊण तास लागला. तोवर दाजींचे दोन फोन येऊन गेले. ग्रुपवर त्यांनी निरोप टाकला होता. लोक हात जोडल्याची चित्रं पाठवत होते, रक्त द्यायला कुणी तयार नव्हतं.

वीज आल्यावर लायब्ररी शेवटपर्यंत बांधली गेली. परवलीचा शब्द टाकला. ही फाईल डेटाबेस नाही. शब्द चुकला असेल म्हणून पुन्हा टाकला, मग एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकला. तेच. अक्का तिकडं पडून होती, आणि तिच्यासाठी लागणारी माणसं माझ्या समोरच्या फाईलीत होती. मीच त्यांना कोंडून ठेवलं होतं.

डबा तसाच ठेवून मी भिंतीला टेकून बसलो. दाजींचा पुन्हा फोन आला. "डॉक्टर विचारायलेत. काय सांगू?"

"बघायलोय, दाजी," मी म्हणालो.

बसल्या बसल्या जुना कंप्युटर आठवला. तो इतका हळू होता की फाईल उघडायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागायचा. त्या वैतागानं मी लायब्ररी दुसऱ्यांदा बांधली होती, परवलीच्या शब्दापासून कुलपाची किल्ली तयार करताना गणिताच्या किती फेऱ्या घ्यायच्या तो आकडा कमी करून. तोच आकडा घातल्याशिवाय फाईल उघडणार नव्हती. आकडा मात्र आठवेना. हजार घालून बांधलं, नाही. पाच हजार, नाही. दर वेळी सगळं नव्यानं बांधायला सात-आठ मिनिटं, आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडं बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. दोन हजार, नाही. चार हजारला यादी उघडली.

ओ निगेटिव्हची नऊ माणसं निघाली. पहिले दोन नंबर बंद. तिसरा पुण्याला गेलेला. चौथ्या वालूरच्या एक बाई, त्यांना नुकतीच कावीळ होऊन गेलेली. पाचवे बोरीचेच शेतकरी, सोयाबीन काढत होते. मी गट सांगितला, दवाखाना सांगितला. "निघतो," म्हणाले आणि मळक्या कपड्यांवरच मोटारसायकलवर गेले. दुसरं माणूस परभणीतच भेटलं, एक नर्सबाई. त्या ड्यूटी संपवून आल्या.

ऑपरेशन रात्रीवर गेलं, पण झालं. अक्का वाचली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. ती पांढरीफटक दिसत होती. उशाशी बसलो तर म्हणाली, "काल समदे येऊन गेले. तुझी लय वाट बघितली."

मी सांगितलं, शाळेत कंप्युटरपाशी बसलो होतो.

तिनं तोंड भिंतीकडं केलं. दाजी मध्ये पडून यादीचं सांगायला लागले, पण तोवर तिचा डोळा लागला होता.