‘ढगातल्या भाडेकरू’ची अडीच मिनिटं

सिनेमा चालला की त्याच्या मुलाखती होतात. पडला की किस्से होतात. आमचा ‘ढगातली भाडेकरू’ तर असा काही पडला, की आता किस्से ठेवायला जागा उरलेली नाही. युनिटमधले चार जण दादरला चहाला भेटलो की एकाने नुसतं ‘त्या दिवशी’ म्हणायचा अवकाश, चहाचा दुसरा राउंड सांगावाच लागतो. हिट सिनेमावाल्यांना हे सुख मिळत नाही. बिचारे नेहमी बिझी असतात!

ज्यांनी पाहिला नाही (म्हणजे जवळपास सगळेच) त्यांच्यासाठी गोष्ट एका ओळीत सांगते. इंद्राच्या दरबारातली अप्सरा रुसून पृथ्वीवर येते आणि लालबागच्या एका चाळीत, एका लग्नाळू ब्रह्मचाऱ्याच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहते. अप्सरा चित्रा मॅडम, ब्रह्मचारी जयदीपदादा. एके काळची सगळ्यांची लाडकी जोडी पंधरा वर्षांनी पुन्हा एकत्र! पोस्टरवर सिनेमाच्या नावापेक्षा हेच मोठ्या अक्षरात होतं.

मी या सगळ्यात सहायक दिग्दर्शक. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले, स्कॉलरशिपवर युरोपात सिनेमा शिकले आणि मराठी सिनेमा बदलायचाच, असं ठरवून परत आले. युनिटने पहिल्याच आठवड्यात माझं नाव ‘फॉरेन’ ठेवलं. सिनेमा बदलला नाही, नाव मात्र बदललं.

*

पहिल्या दिवशी दादरच्या ऑफिसात दिग्दर्शक धनू सरांना मी अत्यंत गंभीरपणे विचारलं, “सर, या फिल्मचं पॉलिटिक्स काय आहे?”

धनू सरांनी बटाटावडा खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “पॉलिटिक्स मोठं आहे गं. हीरो हिरॉइनशी बोलत नाही!”

ते अक्षरशः खरं होतं. शेवटच्या एकत्र सिनेमानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. मेकअपवाले सांगायचे की एका पुरस्काराच्या भाषणात दादा मॅडमचं नाव विसरले. ड्रेसवाली म्हणायची, नाव नाही विसरले, आडनाव चुकवलं. धनू सरांचं मत होतं, “कारण कशाला लागतं? पंधरा वर्षं झाली की भांडण आपलं आपण चालतं.”

*

आमच्याकडे प्रॉडक्शनचं सगळं बघायचे गावडेमामा. मूळचे कुडाळकडचे, राहायला लालबाग. रोज पहिल्या शॉटच्या आधी नारळ-विडा ठेवून ते मालवणीत गाऱ्हाणं घालायचे. कोकणात देवासमोर घालतात तसंच. मामा एकेक मागणं मोठ्याने म्हणणार आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळ्या युनिटने एकसुरात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं.

मी पहिल्याच दिवशी हरकत घेतली. आमचं घर आंबेडकरी. देवाला साकडं घालून कॅमेरा चालतो, हे मला पटणं शक्यच नव्हतं. मी सरळ म्हणाले, “मामा, देव नाहीये.”

मामा जराही चिडले नाहीत. “नसलो तर नसो गो. पण शंभर माणसा एका टायमाक ‘व्हय’ म्हणतत, असा दुसऱ्या खयच्या खात्यात होता ता सांग!”

यावर युरोपात मला काहीच शिकवलं नव्हतं.

पुढे कळलं, गाऱ्हाणं म्हणजे आमचा तक्रार विभाग. ज्याला जे तोंडावर बोलता येत नाही, ते तो आदल्या दिवशी मामांच्या कानात सांगायचा. तिसऱ्या दिवशी मामांनी नारळासमोर हात जोडले आणि सुरू केलं, “बा देवा म्हाराजा! ह्यो जो काय कारभार मांडलेलो आसा, तो नीट पार पाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कॅमेरो, लाइट, जनरेटर, सगळ्यांक सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि जो कोण सकाळी कांदाभजी खावन येता नि मगे पिरमाचो शीन करता, तेका सद्बुद्धी दे रे म्हाराजा!”

‘व्हय म्हाराजा!’ सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं असेल? चित्रा मॅडम!

दुसऱ्या दिवशी दादांचं मागणं आलं. जी कोणी मेकअपला अडीच तास लावते, तिला आरसा कमी दाखव रे म्हाराजा. युनिटने ‘व्हय’ म्हणायच्या आधी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “म्हणा की! मी काल म्हटलं नव्हतं?”

*

मग तो उडण्याचा सीन. अप्सरा ब्रह्मचाऱ्याला कवेत घेऊन चाळीवरून उडते. चाळ खरी होती, लालबागचीच. दोघांना पट्टे बांधून क्रेनने तीन मजले वर नेलं आणि क्रेन अडकली. वरही जाईना, खालीही येईना.

दोघं हवेत, एकमेकांच्या मिठीत, नाकासमोर नाक. पंधरा वर्षांत इतकी जवळ आली नव्हती. तरी बोलणं नाही! मॅडमनी वरून मला हाक मारली, “ए फॉरेन! यांना विचार, घाबरलेत का?”

मी भोंगा घेतला. “दादा, मॅडम विचारतायत, घाबरलात का?”

“त्यांना सांग, नाही. पण त्यांचा मुकुट माझ्या डोळ्यात जातोय.”

“मॅडम, दादा म्हणतायत...”

“ऐकलंय मी! त्यांना सांग, मान वळवा.”

असा दळणवळणाचा कारभार वीस मिनिटं चालला. चाळीच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकूंचा धीर सुटला. कपडे वाळत घालता घालता त्या ओरडल्या, “अगो बाई, सरळ त्यालाच विचार की! समोरच तर लटकलाय!”

*

आता माझ्या सीनबद्दल. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या आख्ख्या सिनेमात मी लिहिलेला एकच सीन आहे. अप्सरा आणि ब्रह्मचारी चाळीच्या गॅलरीत बसून कोळंबी सोलतात. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही, पंख्याचा आवाजसुद्धा नाही. पूर्ण शांतता. कारण पृथ्वीवर आल्यापासून अप्सरेला पहिल्यांदाच काही बोलावंसं वाटत नसतं. या सीनसाठी मी सहा महिने भांडले. धनू सर म्हणाले, “लोक झोपतील.” आश्चर्य म्हणजे दोन्ही स्टार लगेच तयार झाले. एकमेकांशी बोलायचं नव्हतं ना!

कोळंबी सोलायला शिकवायला कफ परेडच्या मच्छीमार नगरातून भारतीमावशी आल्या होत्या. दादांचा हात पटकन बसला. मॅडमचा नाही. टेक चालू असताना कोळंबीच्या डोक्याचा काटा मॅडमच्या बोटात घुसला. रक्त आलं. स्क्रिप्टमध्ये नसताना दादांनी त्यांचं बोट हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि काटा काढला. मॅडमनी हात मागे घेतला नाही. कॅमेरा चालू होता. मी मॉनिटरमागे चक्क रडत होते.

“कट!” धनू सर म्हणाले. “सुंदर! पण मला एक सांगा, अप्सरेला रक्त येतं का?”

ज्या सिनेमात यमाचा रेडा परळच्या सिग्नलला लाल दिवा बघून थांबतो, त्या सिनेमात त्या दिवशी सरांना पहिल्यांदा लॉजिक आठवलं!

तरी सीन राहिला. चार मिनिटांचा होता, अडीच उरली. मी म्हटलं, चालेल. बाकीचे सव्वादोन तास कुणीही काहीही म्हणो, ही अडीच मिनिटं लोकांनी एकदा सलग बघितली की पुरे.

*

रिलीजच्या दिवशी दादरला पहिला शो. आई-बाबांना घेऊन गेले. गॅलरीतला सीन सुरू झाला. शांतता. दहा सेकंद. पंधरा सेकंद. आणि मागून आरोळी, “ए, आवाज!”

मग शिट्ट्या. “आवाज! आवाज!” ऑपरेटरने बिचाऱ्याने घाबरून शो थांबवला. तपासलं, सगळं ठीक. पुन्हा सुरू केला तो थेट पुढच्या गाण्यापासून! थिएटरने टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “एसी छान होता हो.” बाबांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, “तुझा सीन कुठला?”

“आवाज गेला होता ना, तो.”

बाबा हळहळले. “अरेरे! नेमका तुझ्याच वेळी बिघाड झाला!”

*

मग मी मोहीमच काढली. थिएटर-थिएटर फिरून ऑपरेटरना गाठायचं आणि सांगायचं, आवाज गेलेला नाही, तो मुद्दाम काढलाय. परळचे ऑपरेटर म्हणाले, “ताई, तुमची कला मला कळते. पण शिव्या कोणाला बसतात? मला!”

त्यावर मी तोडगा काढला. सीनच्या आधी पडद्यावर पाटी: ‘यापुढील अडीच मिनिटं आवाज मुद्दाम नाही. कृपया सहकार्य करावे.’

लोकांनी पूर्ण सहकार्य केलं. पाटी वाचली, उठले आणि सगळे समोसे आणायला गेले! रिकाम्या थिएटरात मी एकटी माझा सीन बघत बसले. कॅन्टीनवाले शेट्टीअण्णा नंतर माझा हात हातात घेऊन म्हणाले, “मॅडम, आपल्या लाइफमधला पहिला पिक्चर, दोन इंटरव्हलवाला! दुसरा पार्ट कधी?”

एव्हाना परीक्षणंही आली होती. धनू सर ती मोठ्याने वाचून दाखवायचे. एकात लिहिलं होतं, ‘या जोडीला एकत्र आणण्यापेक्षा त्यांच्या भांडणावर सिनेमा काढायला हवा होता.’ सर म्हणाले, “याला कोणी सांगितलं?”

*

दुसऱ्या आठवड्यात एकच थिएटर उरलं. लालबागचं जुनं. एकच शो, दुपारी बाराचा. गुरुवार शेवटचा दिवस. म्हणजे माझी शेवटची संधी.

मी आधी जाऊन ऑपरेटरना भेटले. ते म्हणाले, “शेवटचा दिवस आहे, चालवतो. पाटी नको, काही नको. पण एकदा का ओरडायला लागले की बंद करून पुढे घेणार. मग मला बोलायचं नाही.” मी कबूल केलं. करते काय!

थिएटरात मोजून अकरा जण. मी आणि बाबा, राहिलेली अडीच मिनिटं बघायला. गावडेमामा आणि मामी. पुढे कॉलेजची पाच मुलं, बहुतेक एसीसाठी आलेली. अगदी मागच्या रांगेत अंधारात आणखी दोघं.

सीन सुरू झाला. गॅलरी, ताट, कोळंबी. शांतता. मी श्वास रोखला. पाच सेकंद. दहा.

“ओ, आवाज!” पुढून एक मुलगा ओरडला. दुसऱ्याने शिट्टी मारली. वर ऑपरेटरच्या खिडकीत सावली हलली. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात गावडेमामा उठले. पडद्याकडे तोंड करून हात जोडले. “बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मामी सवयीने म्हणाल्या.

“ह्या शीनात आवाज नाय, तो बिघाड नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता मीही म्हटलं. पुढची मुलं मागे वळून बघायला लागली.

“ह्या आमच्या चेडवान तो मुद्दाम काढल्यान हा! तेचा भला कर रे म्हाराजा!” मामांनी मानेनेच माझ्याकडे दाखवलं.

“व्हय म्हाराजा!” पोरांना मजा यायला लागली होती. तीसुद्धा ओरडली.

“आणि जो कोण ‘आवाज’ म्हणान बोंबलता, तेची अडीच मिनटां वाचा बंद कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

थिएटर दणाणलं. त्यात बाबांचाही आवाज होता. जन्मात ज्यांनी देवापुढे हात जोडले नाहीत, ते बाबा! मी बघायला लागले तशी ते कुजबुजले, “देवाला नाही म्हटलं. गावडेंना म्हटलं.”

मग सगळे गप्प झाले. खरोखरच गप्प. पडद्यावर काटा लागला, रक्त आलं, दादांनी बोट उजेडाकडे धरलं. कुणी उठलं नाही, कुणी खोकलं नाही. खिडकीतली सावली जागची हलली नाही. अडीच मिनिटं, सलग.

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देत नव्हती. त्या शेवटच्या ‘व्हय’मध्ये मागच्या रांगेतून दोन आवाज आले होते आणि ते मी कुठेही ओळखले असते. सिनेमा संपून दिवे लागले तशी मी मागे वळले.

एकाने टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. दुसरीने ओढणी नाकापर्यंत घेतलेली. मध्ये एक खुर्ची रिकामी सोडलेली. त्या खुर्चीवर कांदाभजीचा पुडा होता, आणि मॅडमच्या बाजूने तो अर्ध्याहून जास्त संपला होता!