सासऱ्यांची टिंबं आणि नवी सिस्टीम

सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी मी सगळ्या नातेवाइकांना शिव्या पाठवल्या, असं माझा मेहुणा अजूनही चारचौघांत सांगतो.

पाठवले होते खरं तर सासऱ्यांचेच शब्द. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ते एक शब्दसंग्रह टाइप करत असत. त्यातलं पहिलं पान मी उचललं, घरच्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, 'मामांच्या आठवणीत, त्यांच्याच शब्दांत.' नीट उमटलं की नाही हे बघायला थांबलो नाही. सगळ्यांच्या आधी श्रद्धांजली गेली याच समाधानात सासुरवाडीची, गंगापूरची वाट धरली.

पोचलो तेव्हा मेहुणा दारातच उभा होता. ग्रुपवर जे गेलं होतं त्यात एकही मराठी अक्षर नव्हतं. टक्के, डॉलर, कंस, चांदण्या, मधूनच एखादा इंग्रजी एफ आणि ओळीनं उद्गारचिन्हं. पत्नीच्या आत्यानं तर फोन करून विचारलं होतं, कुणी करणी केली का काय.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "शिव्या द्यायच्या तर तोंडावर द्यायच्या. बापाच्या दिवशी ग्रुपवर कशाला?"

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. पत्नी हसली नाही. तिनं माझा फोन घेतला, ते पान वरपासून खालपर्यंत सरकवलं, पुन्हा वर नेलं. एखादा ओळखीचा शब्द सापडतो का, असं शोधत असावी. मग फोन माझ्या हातात देऊन ती स्वयंपाकघरात गेली.

सासरे गंगापूरच्या मोजणी कार्यालयात कारकून होते. जन्मभर जमिनींचे जुने उतारे वाचले. त्यातले निम्मे शब्द उर्दू-फारसी वळणाचे आणि उरलेले वावरातले. निवृत्तीनंतर सासूबाई गेल्या आणि घर मोकळं झालं. मग ते दोन-तीन आठवड्यांनी एसटीनं आमच्याकडे यायचे, पिशवीतून वही काढायचे आणि दोन बोटांनी टाइप करत बसायचे. दस्ती म्हणजे हातरुमाल. मोप म्हणजे पुष्कळ. अदमास म्हणजे अंदाज. प्रत्येक शब्दापुढे अर्थ आणि त्यापुढे एक वाक्य. कुणाला वाचू देत नसत. पूर्ण झाल्यावर बघा म्हणायचे. वहीतले शब्द टाइप झाले की ते पान फाडून टाकायचे. कार्यालयातली सवय, एका नोंदीच्या दोन नोंदी नकोत. पूर्ण होण्याआधीच ते गेले. आता जे काही होतं ते कॉम्प्युटरमध्येच होतं.

आणि ते होतं एका जुन्या मराठी प्रोग्रॅममध्ये. या प्रोग्रॅमची गंमत अशी, की आत इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना तो फक्त मराठीचा अंगरखा घालतो. त्याच्या बाहेर काढलं की अंगरखा उतरतो आणि उरतात त्या शिव्या. प्रिंट द्यावी तर पहिल्या ओळीनंतर कोरे कागद येत. पडद्याचे फोटो काढून पाहिले, तर फोटोत रेघाच रेघा आणि अक्षरांवरची टिंबं गायब.

हे सगळं मला कळलं ते श्राद्धानंतरच्या आठवड्यात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. नवी सिस्टीम तयार आहे, सगळ्यांच्या आधी वापरून पाहा. खाली दोन बटणं. आत्ता. नंतर.

माझ्यासारख्या माणसाला असलं काही दाखवू नये. कॉलनीत बॅटरीची स्कूटर पहिली माझी आली आणि शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतून घरापर्यंत ती पहिल्यांदा ढकलत आणली तीही मीच. 'नंतर' हे बटण माझ्यासाठी केलेलं नाही असं मी मानत आलो. शिवाय या वेळी माझ्याकडे कारणही होतं. कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, आतून मधूनमधून कट्-कट् आवाज यायचा. नवी सिस्टीम टाकली तर सुधारेल, आणि ऐकलं होतं की नव्यात मराठीची सोय फार चांगली आहे. मी पत्नीला हे सगळं समजावून सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. मान वर न करता तिनं विचारलं,

"कोणाची मराठी?"

मी कॉम्प्युटर उचलून शहागंजातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेला.

दुकानदार माझ्याच वयाचे, एके काळी कचेऱ्यांना उर्दू आणि मराठी दोन्ही टायपिंग करून देणारे. त्यांनी आधी डब्याला कान लावला. कट्-कट् ऐकलं. मग तो प्रोग्रॅम उघडून पाहिला आणि जुना ओळखीचा माणूस भेटावा तसे हसले. नव्या सिस्टीमवर हा उघडणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. एकदा पुढं गेलात की मागं येताना काय राहील, काय जाईल, याची हमी मी घेणार नाही. पण असाच ठेवलात तर हा आवाज काही चांगला नाही. थांबलात तर मशीन जाईल, गेलात तर प्रोग्रॅम. म्हणजे दोन्हीकडून सासरे जाणार, दुसऱ्यांदा.

माझा चेहरा बघून त्यांनी एक पान नव्या फॉन्टमध्ये बदलून दाखवलं. आजकाल तशी सोय असते. मी खूश झालो. सगळं मराठीत आलं होतं. ते मात्र बराच वेळ जुनं पान आणि नवं पान शेजारी ठेवून बघत राहिले.

"साहेब, टिंबं गिर गये," ते म्हणाले. "'इथं'चं 'इथ' झालं, 'केलं'चं 'केल'. आमच्या उर्दू लिपीत नुक्ता, म्हणजे टिंब, हलला की माणूस बदलतो. तुमच्यात बी तसंच दिसतंय."

मग मी घालतो टिंबं, म्हणालो. घाला, पण कुठं? सासऱ्यांच्या अर्ध्या शब्दांना शेवटी टिंब होतं, अर्ध्यांना नव्हतं. मी वाढलो कंपनीच्या क्वार्टर्समध्ये, पुस्तकी मराठीत. त्या जुन्या प्रोग्रॅमची टिंबं इतकी बारीक आणि पुसट, की ती आहेत की नाहीत हे शब्द आधीपासून माहीत असलेल्यालाच कळावं. 'उलीस' की 'उलीसं', हे मला कोण सांगणार?

हे सांगू शकणारं माणूस घरीच होतं, पण गेली वीस वर्षं ते तसं बोललं नव्हतं. पत्नी शिक्षिका झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात कुणीतरी तिच्या 'तिथं'ची नक्कल केली. तेव्हापासून ती 'तिथे' म्हणते. माहेरी गेली तरी 'तिथे'च. सासऱ्यांना ते कळत होतं. ते तिच्याशी बोलताना मुद्दाम जास्त टिंबं लावत, असं मला आता वाटतं.

दुकानदारांनी एवढंच बजावलं, की रोज एक-दोन तासांच्या वर चालवू नका आणि हलवू नका. त्या दिवसापासून कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलाच्या कडेला बसला आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर. संध्याकाळी पाचला मी कंपनीतून येत असे, ती शाळेतून आलेली असे. ती जुन्या पडद्यावरून वाचायची, मी शेजारी कंपनीच्या लॅपटॉपवर टाइप करायचो. ती आधी शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघायची, मग मोठ्यानं. टिंब असेल तर 'टिंब' म्हणायची. सुरुवातीला अगदी शुद्धलेखन घालावं तशी. कट्-कट् आवाज आला की दोघंही गप्प व्हायचो. तो थांबला की पुढचा शब्द.

चौकट रोज उगवायची. आत्ता, नंतर. मी रोज 'नंतर' दाबायचो. पहिले काही दिवस बोट अडायचं. मग सवय झाली.

आणि मग ती वाक्यं यायला लागली. सासऱ्यांनी शब्दांपुढे उदाहरणं लिहिली होती ती सगळी घरातली होती. सासूबाईंच्या हातचं कालवण, मेहुण्याचं शाळा बुडवून विहिरीवर जाणं, मोजणीच्या साखळीत अडकलेलं कुणाचं तरी धोतर. एका संध्याकाळी ती 'उलीसं'ला आली. "उलीसं, टिंब. थोडंसं. उदाहरण," असं म्हणाली आणि थांबली. मी लॅपटॉपवर बोटं ठेवून वाट बघत राहिलो. शेवटी मीच वाकून वाचलं. 'पोरगी सासरी निघाली तव्हा उलीसं बी रडली नाय. मीच रडलो, वावरात जाऊन.'

मी टाइप केलं. तिनं टिंब सांगितलं नाही, पण मी ते घातलं.

'उतावळं' हा शब्द पुढच्या आठवड्यात आला. तिनं वाचायच्या आधी एकदा माझ्याकडे बघितलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. 'ज्याला सबूर नाही ते. उदा. आमचं पाहुणं लई उतावळं, पण मनाचं वाईट नाय.' पाहुणं म्हणजे जावई, म्हणजे मी. शब्दसंग्रहात जाण्याइतकं माझं काही चुकलं असेल असं कधी वाटलं नव्हतं. सगळी टिंबं मोजून घातली.

दोन महिन्यांनी काम संपलं. शेवटच्या शब्दापुढे अर्थ होता, उदाहरण नव्हतं. तिथं ते थांबले होते. आम्हीही ती जागा रिकामी ठेवली. मग मी सगळं ग्रुपवर टाकलं, या वेळी आधी स्वतःला पाठवून, उघडून, वाचून. आत्यानं संध्याकाळभर एकेक शब्द वाचून फोन केले. मेहुण्याचं उत्तर आलं, 'दाजी, या टायमाला शिव्या समजल्या.'

कोपऱ्यात चौकट होतीच. एव्हाना तिच्यातलं 'सगळ्यांच्या आधी' गेलं होतं. सगळ्यांनी केव्हाच घेतली होती नवी सिस्टीम. कॉलनीत बहुधा मीच शेवटचा. शब्द आता सुरक्षित होते, जुन्या मशीनचं काही काम उरलं नव्हतं. मी बोट 'आत्ता'वर नेलं आणि पत्नीला विचारलं, दाबू का.

ती टेबल पुसत होती. कॉम्प्युटरपाशी येऊन तिनं त्याच्या कडेनं फडकं फिरवलं. आतून कट्-कट् झालं, दोघांनीही ऐकलं.

"उलीसं थांबा की," ती म्हणाली. "काय घाई हाय?"